कर्णबधिर बालकाची पहिली शाळा

आपल्याकडे बारशाच्या दिवशी बाळाला पाळण्यात घालतात. आत्या पुढे होते, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन ‘कुर्र’ करते आणि त्याचे नाव सांगते. मग पाळणे म्हटले जातात, घुगऱ्या वाटल्या जातात. नवजात जिवाचा समाजाशी होणारा हा पहिला रीतसर व्यवहार कानाच्या वाटेने होतो. ज्या बाळाच्या बाबतीत ही वाट जन्मतःच बंद असते, त्याच्याही कानात आत्या तितक्याच कौतुकाने नाव सांगते. ते नाव पोचले नाही हे त्या क्षणी कोणाच्याच ध्यानात येत नाही. पुढे कित्येक महिने, पुष्कळदा दोन-दोन, तीन-तीन वर्षे ते ध्यानात येत नाही.

या न कळलेल्या काळाची हकीकत आज मला सांगावयाची आहे. कर्णबधिरांच्या शिक्षणाचा इतिहास सहसा थोर शिक्षकांच्या आणि नामांकित शाळांच्या नावांनी सांगितला जातो. ती नावे आदरणीय आहेत. परंतु त्या इतिहासाकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. बहिऱ्या मुलाला भाषा देण्यास कोणत्या वयी आरंभ व्हावा, हा एकच प्रश्न घेऊन आपण मागे पाहिले तर असे दिसते, की सोळाव्या शतकात तो आरंभ दहा-बारा वर्षांच्या वयात होत होता आणि आपल्या काळात तो पाळण्यापर्यंत येऊन पोचला आहे. हे अंतर तोडण्यात विद्वानांचा वाटा मोठा आहे. पण त्यातली पहिली पावले बहुधा एखाद्या आईने किंवा बापाने टाकलेली आहेत.

प्रथम ‘मुका’ या शब्दाचा विचार करू. जुन्या लिखाणात ‘मूकबधिर’ असा जोडशब्द सर्वत्र आढळतो. जणू परमेश्वराने त्या जिवाची दोन इंद्रिये एकदम काढून घेतली आहेत! वस्तुस्थिती तशी नाही. जन्मतः बहिऱ्या असलेल्या बहुतेक मुलांचा कंठ, जीभ, ओठ ही सर्व आपल्यासारखीच धडधाकट असतात. मूल बोलत नाही, कारण बोलणे म्हणजे काय हे त्याने कधी ऐकलेलेच नसते. मुकेपणा हा बहुतेकांच्या बाबतीत बहिरेपणाचा परिणाम असतो, आणि तोही वेळेवर काही न केल्यामुळे झालेला. ‘कर्णबधिर’ हा शब्द अलीकडे रूढ झाला, त्यात ही दुरुस्ती अंतर्भूत आहे.

वेळेवर म्हणजे केव्हा? अभिमन्यूने आईच्या उदरात असताना चक्रव्यूहाची कथा ऐकली, असे आपण लहानपणापासून वाचत आलो आहो. चक्रव्यूह कळण्याची गोष्ट सोडून द्या. पण गर्भाला ऐकू येते हे आता शरीरशास्त्राने मान्य केले आहे. गर्भारपणाच्या सहाव्या महिन्याच्या सुमारास अंतःकर्णाचे काम सुरू होते आणि जन्मास आलेले मूल आईचा आवाज ओळखू शकते. पुढची दोन-तीन वर्षे त्याचा मेंदू भाषेसाठी जणू नांगरून ठेवलेल्या शेतासारखा असतो. पेरणीचा हंगाम टळला तर नंतर कितीही पाणी घातले तरी पीक तेवढे येत नाही.

निसर्गाची आणखी एक रीत अशी, की ती आईबापांना फसवते. बहिरे मूलही पहिले सहा-सात महिने हुंकार देते, आवाज काढते, खिदळते. शेजारीण म्हणते, ‘किती गोड बोलतं हो!’ मग हे बोल हळूहळू ओसरतात, आणि ते ओसरणेही पटकन उमगत नाही. शंका आलीच तर घरात थाळी वाजवून पाहतात. थाळी जमिनीवर पडते, जमीन हादरते, मूल दचकते, आणि सर्वांचा जीव भांड्यात पडतो. वास्तविक मुलाने आवाज ऐकलेला नसतो; त्याला हादरा जाणवलेला असतो. तशात कोणी वडीलधारे म्हणतात, ‘याचे वडीलही उशिराच बोलले.’ अशा धीराच्या शब्दांत अनेक मुलांचा मोलाचा काळ गेला आहे.

प्राचीन समाजांनी हा प्रश्न मुख्यतः कायद्याचा मानला. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध, बधिर आणि मुके यांना वारशातून वगळले आहे. त्यांना अन्नवस्त्र मात्र दिले पाहिजे, असे सांगितले आहे. सहाव्या शतकात रोमन सम्राट जस्टिनियन याच्या आज्ञेने जी कायदेसंहिता तयार झाली, तीत जन्मतः मुका-बहिरा असलेला मनुष्य आणि लिहिता-वाचता येणारा बहिरा मनुष्य यांत फरक केलेला आहे. दुसऱ्याला पहिल्यापेक्षा अधिक अधिकार आहेत. म्हणजे भाषा हाती आली की माणूसपणाचा दर्जा वाढतो, एवढे त्या कायदेपंडितांनाही कळत होते. ती भाषा हाती कशी द्यावी, हे मात्र कोणी सांगितले नाही.

ते सांगणारा पहिला ज्ञात गुरू स्पेनमध्ये झाला. सोळाव्या शतकाच्या मध्यास ओन्या येथील मठात पेद्रो पॉन्से दे लेऑन नावाचा बेनेडिक्टिन साधू राहत होता. वेलास्को या सरदार घराण्यातील दोन बहिरे भाऊ त्याच्या हवाली झाले आणि त्याने त्यांना लिहिण्यास, वाचण्यास व बोलण्यासही शिकवले. पुढे १६२० मध्ये माद्रिद येथे हुआन पाब्लो बोनेत याने बहिऱ्यांना बोलण्यास शिकविण्याच्या कलेवर ग्रंथ छापला. त्यात एका हाताच्या बोटांनी दाखवावयाच्या मुळाक्षरांची चित्रे आहेत. हे मोठेच कार्य झाले. परंतु विद्यार्थी सरदारांचे होते आणि ते गुरूपर्यंत पोचेतो त्यांच्या भाषेची कोवळी वर्षे उलटून गेली होती.

अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आबे द लेपे या धर्मोपदेशकाने गरिबांच्या मुलांनाही दार उघडले. दोन बहिऱ्या बहिणी त्याच्या दृष्टीस पडल्या, त्यांच्या खुणांत त्याला भाषेचे बीज दिसले आणि त्यातून त्याची विनामूल्य शाळा उभी राहिली. इकडे १७७८ मध्ये जर्मनीतील लाइपत्सिग येथे सॅम्युएल हायनिके याने उच्चारशिक्षणावर भर देणारी शाळा काढली. खुणा की वाणी, हा वाद तेथून सुरू झाला आणि पुढे दोनशे वर्षे चालला. दोन्ही पक्ष एका बाबतीत मात्र सारखे होते : मूल शाळेच्या वयाचे होऊन दारात येईपर्यंत दोघेही त्याची वाट पाहत बसत.

अमेरिकेतील पहिली कायमची शाळा एका बापाच्या व्याकुळतेतून जन्मली. हार्टफर्ड गावी मेसन कॉग्झवेल नावाचे डॉक्टर होते. त्यांची मुलगी ॲलिस दोन वर्षांची असताना तापाच्या आजाराने बहिरी झाली. त्यांनी खटपट करून कनेक्टिकट राज्यातील बहिऱ्यांची गणती करविली, तेव्हा ऐंशीहून अधिक माणसे आढळली. आपल्या मुलीचे दुःख एकटे नाही हे सिद्ध करून त्या गृहस्थाने गावातून वर्गणी जमविली आणि शेजारचा तरुण पदवीधर टॉमस गॅलॉडेट याला १८१५ मध्ये युरोपात पाठविले. गॅलॉडेट पॅरिसच्या शाळेतील लॉरां क्लेर या बहिऱ्या शिक्षकाला बरोबर घेऊन परतला, आणि एप्रिल १८१७ मध्ये सात विद्यार्थ्यांनिशी शाळा उघडली. त्या सातांत ॲलिस होती. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. म्हणजे स्वतः डॉक्टर असलेल्या, सर्वस्व पणास लावणाऱ्या बापालाही मुलीसाठी शाळा उभी करण्यास नऊ वर्षे लागली.

आपल्या देशात ही चळवळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली. मुंबईत माझगाव येथे बिशप लिओ मॉयरिन यांनी १८८५ च्या सुमारास बहिऱ्यांची शाळा काढली आणि १८९३ मध्ये कलकत्त्याची शाळा सुरू झाली. पुढे एकेक नगरात अशा शाळा निघत गेल्या. या संस्थांनी ज्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते अशा मुलांना लेखन दिले, हस्तकौशल्य दिले, पोटापाण्याचा मार्ग दिला. परंतु खेड्यातून मूल तेथपर्यंत पोचावयाचे म्हणजे ते मोठे झालेले असावयाचे. आईच्या मांडीवरची वर्षे या शाळांच्याही हिशेबात नव्हती.

आता थोडे मागे, बॉस्टनजवळच्या केंब्रिज गावी जाऊ. तेथे गार्डिनर हबर्ड नावाचे वकील राहत. त्यांची मुलगी मेबल पाच वर्षांची झाली आणि लगेच स्कार्लेट फीव्हरने तिचे ऐकणे पूर्ण गेले. ती बोलत होती, पण बहिऱ्या झालेल्या लहान मुलांची वाणी थोड्याच महिन्यांत पुसट होत जाते. तिची आई गर्ट्रूड हिने हे होऊ दिले नाही. मुलीशी बोलणे कोणी थांबवावयाचे नाही, तिने खुणेने मागितले तर शब्दाने मागावयास लावावयाचे, तिच्यासमोर वाचावयाचे, ओठांवरून शब्द ओळखण्याचा खेळ करावयाचा, असा नेम तिने घरात घालून दिला. मुलगी बोलती राहिली, ओठ वाचू लागली, पुस्तकांत रमली. गार्डिनर हबर्ड यांनी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळापुढे हा प्रश्न नेला आणि १८६७ मध्ये नॉर्दॅम्प्टन येथे क्लार्क यांच्या नावाची शाळा स्थापन झाली. लहान मुलांना वाणीनेच शिकवावयाचे, ही तिची प्रतिज्ञा होती. हीच मेबल पुढे १८७७ मध्ये टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याची पत्नी झाली.

मेबलच्या उदाहरणातून जगाने दोन धडे घेतले. एक खरा आणि एक घातक. खरा धडा असा, की घर हीच शाळा होऊ शकते आणि आई ही शिक्षक होऊ शकते. घातक धडा असा, की मेबलला जे साधले ते प्रत्येक बहिऱ्या मुलाला साधलेच पाहिजे. मेबल पाच वर्षे ऐकत होती, तिच्या मनात इंग्रजी भाषा आधीच रुजलेली होती, हे लोक विसरले. जन्मतः बहिऱ्या मुलाला ओठांच्या हालचालीतून भाषा शिकावयास सांगणे म्हणजे ज्याने नदी कधी पाहिली नाही त्याला काठावरच्या ओल्या पावलांवरून पोहणे शिकावयास सांगण्यासारखे आहे.

सप्टेंबर १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे बहिऱ्यांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १६४ प्रतिनिधींत स्वतः बहिरा असा एकच होता. परिषदेने प्रचंड बहुमताने ठरविले, की खुणांच्या भाषेपेक्षा वाणी श्रेष्ठ असल्यामुळे शाळांतून वाणीचीच पद्धत चालवावी. त्यानंतर युरोपातील वर्गावर्गांतून खुणांची भाषा हद्दपार झाली, बहिरे शिक्षक नोकऱ्यांना मुकले, हातांनी बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या. त्या ठरावांबद्दल खेद व्यक्त करून ते त्याज्य ठरविण्यास याच परंपरेतील परिषदेला २०१० साल उजाडावे लागले. तेव्हा ती कॅनडातील व्हँकूव्हर येथे भरली होती. मधल्या एकशे तीस वर्षांत जी मुले वाणीही शिकली नाहीत आणि ज्यांना खुणाही मिळाल्या नाहीत, त्यांचा हिशेब कोणत्याही ठरावाने भरून निघणारा नाही.

विसाव्या शतकात वयाचा प्रश्न पुन्हा एका आईने पुढे आणला. अमेरिकन नट स्पेन्सर ट्रेसी याचे नाव चित्रपटरसिकांना माहीत आहे. त्याची पत्नी लुईझ ही विवाहापूर्वी रंगभूमीवर काम करीत असे. त्यांचा मुलगा जॉन १९२४ मध्ये जन्मला. तो दहा महिन्यांचा असताना एके दिवशी निजला होता आणि लुईझच्या हातून जाळीचे दार धाडकन आदळले. मूल हलले नाही. तिने हाक मारली, जवळ जाऊन पुन्हा मारली; मूल जागे झाले नाही. तिने हात लावला तेव्हा मात्र त्याने डोळे उघडले. डॉक्टरांनी सांगितले, की हा बहिरेपणा बरा होण्यासारखा नाही.

लुईझने नाटक सोडले आणि मिळेल ते वाचण्यास, भेटेल त्याला विचारण्यास सुरुवात केली. शाळा मुलाला घेण्यास पाच-सहा वर्षांनी तयार होणार, मग तोवर आईने काय करावे, याचे उत्तर तिला सहजासहजी मिळेना. ते तिने स्वतः शोधले. एकच शब्द शेकडो वेळा, तोंडावर उजेड पडेल असे बसून, वस्तू हातात असताना आणि मुलाचे लक्ष त्या वस्तूवर असताना बोलावयाचा. आज उत्तर येणार नाही, उद्याही येणार नाही, हे धरून चालावयाचे. या कामात चिकाटी लागते असे आपण सहज म्हणतो. पण ज्या आईला दिवसभर एकाही शब्दाचा प्रतिसाद मिळत नाही, तिची ती चिकाटी कोणत्या प्रतीची असली पाहिजे याची कल्पना ऐकणाऱ्या मुलांच्या आईबापांना येणे कठीण आहे.

जॉन बोलू लागला, शिकला, पुढे चित्रकार म्हणून वॉल्ट डिस्नेच्या चित्रसंस्थेत कामाला लागला. परंतु लुईझची खरी कामगिरी मुलगा मोठा झाल्यावरची आहे. १९४२ मध्ये लॉस एंजेलिस येथील विद्यापीठाच्या आवारातील एका लहानशा घरात तिने बारा मातांना एकत्र केले. ‘जॉन ट्रेसी क्लिनिक’ या नावाने ती संस्था प्रसिद्ध झाली. तेथे शिकवले जात ते मुख्यतः आईबाप. पुढच्याच वर्षी पत्रद्वारा पाठ सुरू झाले. दूरच्या गावातील आईला एक पाठ जावयाचा, तिने तो मुलासह करून पाहावयाचा, काय जमले व काय जमले नाही हे लिहावयाचे, आणि उत्तराबरोबर पुढचा पाठ यावयाचा. महायुद्धाचे ते दिवस होते; पण ही पाकिटे पैसे न घेता अनेक देशांत गेली. बहिऱ्या मुलाच्या आईला सहानुभूतीऐवजी गृहपाठ देणारी अशी व्यवस्था तोवर क्वचितच कोणी केली होती.

याच सुमारास आईच्या शंकेला शास्त्राने कसोटीचे रूप दिले. मँचेस्टर विद्यापीठातील आयरीन व अलेक्झांडर यूइंग या दांपत्याने १९४४ मध्ये तान्ह्या मुलांच्या परीक्षेची एक साधी रीत प्रसिद्ध केली. आठ-नऊ महिन्यांचे मूल आईच्या मांडीवर बसवावयाचे. एकाने समोरून खेळण्याने त्याचे लक्ष वेधावयाचे. दुसऱ्याने मागे एका अंगाला, नजरेच्या आड राहून हळूच खुळखुळा वाजवावयाचा, वाटीवर चमचा घासावयाचा किंवा पातळ कागद चुरगाळावयाचा. मूल आवाजाच्या दिशेला वळते की नाही, ते पाहावयाचे. सावली पडता कामा नये, पदराचा वारा लागता कामा नये, नाहीतर मूल त्यानेच वळेल आणि परीक्षा फसेल. ब्रिटनमध्ये ही परीक्षा घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविकांच्या हाती आली आणि कित्येक दशके चालली.

बहिरेपणाच्या कारणांच्या शोधातही मातांचा वाटा आहे. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी दाखवून दिले, की गर्भारपणाच्या आरंभी आईला जर्मन गोवर झाला तर बालकाच्या डोळ्यांत जन्मतः मोतीबिंदू येतो. त्यांच्या दवाखान्याबाहेर वाट पाहत बसलेल्या मातांच्या बोलण्यातून हा धागा त्यांच्या हाती लागला, असे सांगतात. दोनच वर्षांत त्याच आजाराचा बहिरेपणाशी असलेला संबंध स्पष्ट झाला. आज रुबेलाची लस आहे; भारतात २०१७ पासून गोवराबरोबर ती देण्याची मोठी मोहीम निघाली. ज्या बहिरेपणावर नंतर आयुष्यभर झगडावे लागते, त्यातला एक भाग एका सुईने टळू शकतो.

आठ-नऊ महिने हेही उशीराच, असे म्हणणारी स्त्री अमेरिकेतील डेन्व्हर येथे होती. मॅरियन डाउन्स यांनी १९६० च्या दशकात प्रसूतिगृहातच नवजात बालकांची श्रवणपरीक्षा घेण्याचा उद्योग आरंभिला. तेव्हाचे साधन कच्चे होते. मोठा आवाज करावयाचा आणि मूल डोळे मिचकावते का, अंग आवळते का, हे पाहावयाचे. तज्ज्ञांच्या समितीने १९७० मध्ये ही पद्धत सरसकट वापरण्याजोगी नाही असे मत दिले. पण १९७८ मध्ये लंडनचे डेव्हिड केम्प यांनी एक आश्चर्य उघडकीस आणले : निरोगी अंतःकर्ण आवाज केवळ घेत नाही, उत्तरादाखल स्वतःही अत्यंत सूक्ष्म ध्वनी बाहेर टाकते. तो ध्वनी कानात ठेवलेल्या लहानशा मायक्रोफोनला टिपता येतो. झोपलेल्या बाळाची परीक्षा काही मिनिटांत, त्याची झोप न मोडता होऊ लागली. १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थांनी बोलावलेल्या परिषदेने सर्वच नवजात बालके तपासावीत असे म्हटले. १९९८ मध्ये कोलोराडोतील क्रिस्टीन योशिनागा-इतानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीडशे बहिऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा बहिरेपणा सहा महिन्यांच्या आत कळला व लगेच मदत सुरू झाली, त्यांची भाषा उशिरा कळलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. त्यानंतर एक नेम सर्वत्र सांगितला जाऊ लागला : महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपाय.

आपल्याकडे म्हैसूर येथे १९६५ मध्ये वाचा व श्रवण यांची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये राष्ट्रीय श्रवण-विकलांग संस्था निघाली आणि तिला महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव देण्यात आले. मद्रासेत १९६९ मध्ये बाल विद्यालय सुरू झाले. तेथे अगदी तान्ह्या वयापासून मुले घेण्याचा उपक्रम झाला. २००७ मध्ये बहिरेपणाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश झाला. यंत्रणा आहेत. तरीही अनेक आईबाप मुलाला घेऊन दवाखान्याच्या पायरीवर येतात तेव्हा ते दोन-अडीच वर्षांचे झालेले असते, ही गोष्ट या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही नवी नाही.

यंत्रांचाही इतिहास याच दिशेने गेला. १९५७ मध्ये पॅरिसच्या द्जूर्नो व एरिएस यांनी श्रवणमज्जेला विद्युत्-प्रवाहाने उत्तेजित करून एका बहिऱ्या मनुष्याला आवाजाची जाणीव करून दिली. १९६१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये विल्यम हाउस यांनी आणि १९७८ मध्ये मेलबर्नला ग्रेम क्लार्क यांनी हे काम पुढे नेले, आणि त्यातून कॉक्लिअर इम्प्लांट सिद्ध झाले. अमेरिकेच्या नियामक खात्याने १९९० मध्ये ते दोन वर्षांवरील मुलांसाठी मान्य केले. २००० मध्ये ती मर्यादा एक वर्षावर आणि २०२० मध्ये नऊ महिन्यांवर आली. आकडा कसा खाली उतरत गेला, ते पाहावे. परंतु हे यंत्र चष्म्यासारखे नाही. चष्मा घातला की अक्षर दिसते; येथे ज्या दिवशी यंत्र चालू होते त्या दिवशी मुलाला केवळ गोंगाट मिळतो. त्या गोंगाटातून ‘आई’ हा शब्द वेगळा काढण्यासाठी महिनोन्महिने घरात बसून काम करावे लागते. शस्त्रक्रियेसाठी दागिना मोडणारे आईबाप नंतरच्या शिकवणीस वेळ आणि पैसा उरत नाही म्हणून थांबतात, तेव्हा यंत्र कपाटात जाते.

आणि ज्यांना यंत्राचा उपयोग होत नाही किंवा ते परवडत नाही त्यांचे काय? येथे खुणांच्या भाषेकडे पुन्हा वळले पाहिजे. १९६० मध्ये वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट महाविद्यालयातील विल्यम स्टोकी यांनी दाखविले, की बहिऱ्यांची सांकेतिक भाषा ही हातवाऱ्यांची गर्दी नसून व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. १९९१ मध्ये लॉरा ॲन पेटिटो आणि पॉला मॅरेन्टेट यांनी एक सुंदर निरीक्षण प्रसिद्ध केले. बहिऱ्या आईबापांची बहिरी बालके, ज्या वयात इतर मुले तोंडाने बोबडे बोलतात त्याच वयात, हातांनी बोबडे बोलत होती. भाषेची ओढ कानात नसते. ती मनात असते आणि जी वाट मोकळी मिळेल तिने ती बाहेर पडते. आपल्या देशात भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण यांसाठी २०१५ मध्ये दिल्लीस केंद्र स्थापन झाले असून त्याने दहा हजार संज्ञांचा कोश सिद्ध केला आहे.

अडचण अशी, की अमेरिकेतील पाहणीप्रमाणे दर शंभर बहिऱ्या मुलांपैकी नव्वदाहून अधिक मुलांचे आईबाप ऐकणारे असतात. त्यांनी बहिरा मनुष्य कधी जवळून पाहिलेला नसतो. त्यांच्यापुढे एक तज्ज्ञ म्हणतो, खुणा केल्यात तर मूल बोलणार नाही. दुसरा म्हणतो, वाणीचा हट्ट धराल तर मूल भाषेविना राहील. साडेचारशे वर्षांच्या इतिहासाने या वादाचा निकाल एका पक्षाच्या बाजूने दिलेला नाही. त्याने दुसरीच गोष्ट सिद्ध केली आहे. वाणीने वाढलेली मुले पुढे आली, खुणांनी वाढलेली मुलेही पुढे आली. मागे राहिली ती मुले, जी कोणती पद्धत चांगली हे ठरेपर्यंत कोणत्याच भाषेविना राहिली. खुणा शिकल्याने वाणीला मज्जाव होतो, ही भीती आईबापांनी मनातून काढून टाकण्यास हरकत नाही. दोन्ही दारे उघडी ठेवता येतात.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या श्रोत्यांना आणखी एक प्रश्न पडतो. इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा दिल्ली येथील मराठी घरात बहिरे मूल जन्मले, की ‘घरात मराठी बंद करा, शाळेची भाषाच बोला’ असा सल्ला पुष्कळदा मिळतो. हेतू चांगला असतो. परंतु आजी ज्या भाषेत सहज बोलते, आई ज्या भाषेत रागावते आणि लाड करते, त्याच भाषेत दिवसाचे हजारो शब्द मुलाच्या वाट्यास येतात. अडखळत बोललेल्या परक्या भाषेत ते शब्द शेकड्यांवर येतात. ज्या मुलाला आधीच शब्दांचा दुष्काळ, त्याच्या घरचे बोलणे आटवणे हे उलट टोकाचे औषध होय. पाया एका भाषेचा पक्का झाला, की शाळेची दुसरी भाषा त्यावर चढविता येते.

शेवटी व्यवहाराचे चार शब्द. मूल बहिरे आहे हे कळल्यावर आईबाप पहिल्या धक्क्यात नकळत गप्प होतात. ‘याला ऐकू येत नाही, मग बोलून काय उपयोग?’ हा विचार स्वाभाविक आहे आणि तोच सर्वांत अपायकारक आहे. श्रवणयंत्र घालून, मुलाच्या चेहऱ्याच्या पातळीवर येऊन, उजेड आपल्या तोंडावर पडेल असे बसून, एका वेळी एक गोष्ट धरून बोलत राहिले पाहिजे. आंघोळीचे पाणी ऊन आहे की गार, वरणात मीठ किती, काऊचा घास कोणता आणि चिऊचा कोणता, हे सर्व पाठच आहेत. दूरदर्शनचा व मिक्सरचा गोंगाट बंद करावा. बोट दाखवावे, खूण करावी, चित्र काढावे, पण मुलाला अर्थाविना ठेवू नये. आणि ज्या आईला मूल सहा महिन्यांचे असताना शंका येते, तिला ‘वाट पाहा’ असे कोणीही, डॉक्टरांनीसुद्धा, सांगू नये. त्याच आठवड्यात तपासणीस पाठवावे.

ॲलिस कॉग्झवेल शाळेत गेली तेव्हा अकरा वर्षांची होती. जॉन ट्रेसीचा बहिरेपणा दहाव्या महिन्यात कळला. आज जन्मणाऱ्या बालकाचा तो पहिल्या आठवड्यात कळू शकतो. साधन हाती आहे, ज्ञान हाती आहे. ते आपल्या गावच्या प्रसूतिगृहापर्यंत पोचले आहे की नाही, हे विचारण्याचे काम मात्र अजून आईबापांचे, आजीआजोबांचे आणि आपणा सर्वांचे आहे.